साडूच्या शिफारशीचे पिल्लू

काम, क्रोध, लोभ हे वैरी खरेच. पण ते येताना दार वाजवतात. मत्सर मात्र पावलांचा आवाज न करता आत येतो आणि घरच्या माणसासारखा पानावर बसतो. आमच्या गल्लीतल्या बाइंडरकडे तो अकरा वर्षे असाच मुक्कामाला होता, आणि त्याचा चेहरा हुबेहूब साडूसारखा होता.

हा बाइंडर म्हणजे पुस्तके बांधणारा देवमाणूस. फाटके पुस्तक हाती आले की आधी त्यावरून तळहात फिरवी, मग सुटलेली पाने शिवी, पुठ्ठ्याला खळ लावी, कापड चढवी. त्याच्या हातून गेलेले पुस्तक पुन्हा सुटले, असे कधी झाले नाही. साडू दातांचे डॉक्टर. साडूने गाडी घेतली, बाइंडर गप्प. साडूने गच्चीवर बाग केली, बाइंडर गप्प. पण साडूने लॅब्रॅडोर जातीची कुत्री आणली आणि सासरे, ज्यांनी बाइंडरच्या कामाला उभ्या जन्मात ‘बरे आहे’ म्हटले नव्हते, ते चक्क जमिनीवर बसून तिचे कान कुरवाळू लागले. तेव्हा मात्र त्याच्या काळजात कोणीतरी टोचा खुपसला.

“अहो, तुमच्याच तर मांडीवर डोकं ठेवून झोपली होती ती,” बायको म्हणाली.

“झोपली होती. पण उठल्यावर गेली कोणाकडे?”

पुढच्या महिन्यात सासरे बाइंडरकडे राहायला यायचे होते. त्याआधी घरात कुत्री हवी, आणि साडूच्या कुत्रीहून उंच कुळाची हवी, असे त्याने मनाशी ठरवले. साडू मोठ्या मनाने म्हणाले होते, “घ्यायचीच तर आम्ही जिच्याकडून आणली त्या पैदासवाल्या बाईंकडूनच घ्या, साडूभाऊ.” तेवढ्याच कारणासाठी बाइंडर तिकडे फिरकला नाही.

त्याने एक विक्रेता गाठला. भेट एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर, आणि पिल्लू बुटांच्या खोक्यात.

“याची आई दाखवा.”

“आई गावी असते, साहेब.”

“बाप?”

“बाप चॅम्पियन! मोठ्या लोकांत असतो, असा कोणालाही भेटत नाही.”

मग कागद निघाले. आईचा दाखला, बापाचा दाखला, आजोबांचाही दाखला. तीन सालांचे, तीन शहरांचे. बाइंडरने कडांवरून अंगठा फिरवला. तिन्ही कागद एकाच रिमातले, एकाच पात्याने कापलेले. पात्याला पडलेली खाच तिन्ही कडांवर एकाच जागी उमटलेली. पिवळेपणा चहाचा. सारे कळले, आणि तरीही त्याचा हात खिशाकडे गेला! साडूच्या कुत्रीच्या दाखल्यावर दोन शिक्के होते. इथे पाच होते. मत्सर डोळे काढून घेत नाही, बघणाऱ्याला फक्त दुसरीकडे वळवतो.

तेवढ्यात पिल्लाने त्याचा अंगठा तोंडात धरला आणि ते चोखू लागले. दात अजून पुरते फुटले नव्हते.

“किती दिवसांचं?”

“दोन महिन्यांचं, अगदी पक्कं.”

“हे अजून आईचं आहे,” बाइंडर म्हणाला. रिकाम्या हाताने उठला आणि थेट प्राण्यांच्या दवाखान्यात जाऊन त्या खोक्याची तक्रार लिहून आला.

मग मान खाली घालून तो साडूने सांगितलेल्या त्या बाईंकडे गेला. बाई रबरी बूट घालून अंगण धूत होत्या. पिल्ले दाखवण्याआधी त्यांनी प्रश्न सुरू केले. दिवसा घरी कोण? आजारी पडली तर खर्च झेपेल? तुमच्या पश्चात कोण सांभाळेल?

“मी काय मुलगी मागायला आलोय?”

“तुम्ही नसाल आला. मी मात्र द्यायला बसलेय.”

त्यांनी पिल्लांची आई दाखवली. तिने येऊन बाइंडरचे खळीचे हात हुंगले. बाईंनी तिच्या सांध्यांचे एक्स-रे दाखवले, डोळ्यांच्या तपासणीचे कागद दाखवले. मग विचारले, “कुत्री कशासाठी हवी?”

खोटे बोलण्याचे त्राण उरले नव्हते. “साडूकडे आहे म्हणून.”

बाईंनी नळ बंद केला. “इतकं खरं कारण इथं कोणी सांगितलं नव्हतं. पण माझा नियम आहे. दिलेलं पिल्लू बारा वर्षांनी परत आलं तरी मी घेते, म्हणून आधी माणूस पारखते. माझ्याकडून कुत्रं नेलेल्या कोणाचा तरी शब्द आणा.”

असा माणूस बाइंडरच्या ओळखीत एकच होता.

दवाखान्यात साडूंनी त्याला खुर्चीत आडवे केले. “कुठली दाढ?”

“दाढ नाही हो. शब्द हवाय.”

साडूंनी हातमोजे काढले, चार ओळी लिहिल्या, पाकीट चिकटवून दिले. चिकटवलेले पाकीट वाफेवर धरून मागमूस न ठेवता उघडणे बाइंडरला पोरखेळ. त्याने घरी खळीचे पातेले तापवले, पाकीट वर धरले, आणि आच बंद केली. ते तसेच बाईंच्या हाती दिले.

बाईंनी मोठ्याने वाचले: “हे माझे साडू. ते माझा हेवा करतात, हे मला ठाऊक आहे. मीही त्यांचा करतो. आमचे सासरे एरवी मुक्कामाला माझ्याकडे येतात; पण उशाशी घेऊन झोपतात ते यांनी बांधलेले पुस्तक. यांनी हातात घेतलेली वस्तू सुटत नाही. पिल्लू द्यावे.”

बाईंनी पत्राची घडी करून ते बाइंडरच्या हाती परत दिले.

“मिळेल,” बाई म्हणाल्या. “पण आठ आठवड्यांची झाल्यावरच, म्हणजे अजून दीड महिना. आणि कोणती द्यायची ते मी ठरवणार.”

म्हणजे सासरे येऊन, राहून, परतही जाणार! क्षणभर तो घुटमळला. मग म्हणाला, “राहू द्या आईजवळ.”

पिल्लू घरी आले तेव्हा त्याने तिचे सारे कागद एकत्र शिवले, निळे कापड चढवले, आणि पहिले पान म्हणून साडूचे पत्र लावले. लावताना निरखून पाहिले. डॉक्टर असूनही साडूचे अक्षर मोत्यासारखे होते.

भगवंता, तेवढ्यावरूनही त्याला पुन्हा थोडे जळलेच.