बाईंचा तिसरा शब्द

दुकानांची स्वयंपाकघरं तपासणाऱ्या बाईंच्या अहवालात तीनच शब्द असत: मळकट, घाण आणि गलिच्छ. कचेरीत कुणी नवीन आलं की त्या अर्थही सांगून टाकत. "मळकट म्हणजे काम चालू आहे. घाण म्हणजे काम राहिलंय. आणि गलिच्छ म्हणजे काम राहिलंय याची लाजही राहिलेली नाही." तिसऱ्या शब्दाने दुकानाला टाळं लागे, म्हणून सव्वीस वर्षांत तो त्यांनी चारदाच लिहिला होता. घरी नवऱ्याच्या टेबलाला मात्र त्या तो रोज सकाळी बहाल करत. तिथे टाळं लावायची सोय नव्हती.

त्या दिवशी कोपऱ्यावरच्या बेकरीची तक्रार आली. शेजाऱ्याने कागदभर 'गलिच्छ, गलिच्छ' लिहिलं होतं. बेकरी सासू-सून दोघीच चालवत, पोटापाण्याला दुसरं काही नव्हतं. तक्रारीची बातमी बेकरीत आधीच पोचली होती. बाई आत शिरल्या तेव्हा फरशी लख्ख होती, भट्टीचं तोंड पुसलेलं, सून अंग चोरून उभी. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही. त्यांची रीत ठरलेली: आधी झाडू बघायचा. झाडू दारामागेच होता, नवा कोरा, दुकानातली चिठ्ठीसुद्धा न काढलेला.

बाईंच्या कपाळाला आठी पडली. म्हणजे सगळी आजच्यापुरती सारवासारव! त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"रोज झाडता कशाने?"

सुनेने पिठाच्या पिंपाकडे चोरून पाहिलं.

"अगं, बोल की! आता का दातखीळ बसली?" सासू कडाडली आणि तिने पिठाच्या पिंपामागे हात घालून एक झाडू ओढून काढला. झिजून झिजून वीतभर उरलेला, टोकाला पिठाने पांढरा झालेला. "हिला सांगत होते, लपवू नको. तर म्हणते, असला झाडू बघून बाई काय म्हणतील!"

बाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला. त्यांना फार बरं वाटलं. तरी पिंपामागे वाकून बघितलंच, सवय ती सवय. तिथे पीठ सांडलेलं होतं. त्यांनी अहवालात 'मळकट' लिहिलं.

"नवा झाडू परत करून टाका," त्या सुनेला म्हणाल्या, "पुढच्या वेळी हाच दारामागे दिसू दे."

सून मान हलवत होती, पण तिचं लक्ष सांडलेल्या पिठाकडे होतं. बाई उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत ती तो वीतभर झाडू घेऊन पिंपामागे वाकलीसुद्धा.