हात बाहेर काढण्याची परीक्षा

छप्पन साली राज्यं बदलली, आमचा तालुका मुंबई राज्यात गेला आणि मी मोटारीच्या कायद्यात सापडलो. जुन्या राज्यातली शिकाऊ परवानगी नव्यात चालेना. पक्कं लायसन हवं तर परीक्षा द्या, म्हणाले. परीक्षा घेणारे साहेब गोंदियाला क्वचितच उगवत. तो दिवस हुकला की गाडी घरी उभी.

शिकणाऱ्याशेजारी लायसनवाला माणूस हवा, असा नियम. तसा माणूस आमच्या दवनीवाड्यासारख्या खेड्यात कुठून आणायचा? म्हणून मी एकटाच चालवायचो आणि त्याबद्दल गप्प राहायचो. त्या दिवशी मात्र एका राइस मिलचा ड्रायव्हर शेजारी बसवून गोंदियाला आलो. एवढी अक्कल मला होती.

ड्रायव्हर उतरला, त्याच्या जागी माझ्याशेजारी साहेब बसले. बाजाराच्या रस्त्यावर हुकूम सुटला, "धीमे होने का इशारा दीजिए." मी खिडकीतून हात काढून वरखाली हलवला, अगदी पुस्तकातल्यासारखा. आमच्याकडे मोटारीतून असा हात हलला की त्याचा अर्थ एकच: या, बसा. बाजारातून परतणारी आमच्या गावची एक म्हातारी दोन बायकांसकट धावत आली, मागचं दार उघडून बसली आणि टोपली पुढे साहेबांच्या मांडीवर सरकवली.

"धर जी जरा. मोकळाच तं बसला आहेस."

"मावशी, उतर. परीक्षा चालू आहे," मी म्हणालो.

"कायची परीक्षा? रोज तं आणून राहिला आमाले."

साहेबांनी टोपली सावरत मागे पाहिलं. "रोज? साथ में कौन बैठता है?"

"कोणी नाही जी. एकटाच आणते. लय हुशार पोरगा आहे," तिनं माझी शिफारस केली. "अन् आमी फुकट नाही बसत. वांगी देतो, शेंगा देतो."

झालं. लायसनशिवाय एकटा चालवतो, वर भाडंही घेतो, तेही वांग्यांत. साहेब लिहीत सुटले. वांगी आमच्या घरात कुणी खात नाही, असं मी कळवळून सांगितलं. बहुधा तेही लिहिलं.

मी नापास. पुढची परीक्षा उन्हाळ्यात, तीही भंडाऱ्याला. गाडी मिलच्या ड्रायव्हरनं घरी आणून लावली आणि तिथेच राहिली. म्हातारी दर बाजाराला टोपली डोक्यावर घेऊन दारावरून चालत जायची आणि आत डोकावून म्हणायची, "त्या साहेबाले मी इतकं चांगलं सांगतलं तुह्याबद्दल. अन् तू साधा पास नाही झाला."