वडिलांच्या पाटावर

परवा माझी नात विचारत होती, "आजी, तुझं माहेर डावं की उजवं?" तिच्या कॉलेजात हल्ली माणसांची अशी वाटणी करायला शिकवतात. मी म्हटलं, माणसं म्हणजे काय लोणच्याच्या बरण्या आहेत, चिठ्ठ्या चिकटवून फडताळात ठेवायला? पोरीला राग आला. मलाही आला होता. तेव्हा तिला सांगितलं नाही ते आता लिहिते.

गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. बाबा एका पेढीवर कारकून. काळी टोपी, रोजची संध्या, एकादशी चुकायची नाही. रस्त्यात लाल बावटा दिसला की म्हणायचे, "आले मॉस्कोचे जावई!" आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, माझा काका, नेमका त्याच बावट्याखाली. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या दारांवर त्याची भाषणं व्हायची. माझ्या जन्माच्या आधी त्याने जानवं काढून गॅलरीतून खाली टाकलं होतं. तेव्हापासून आजोबांच्या श्राद्धाला त्याचं पाऊल आमच्या घराला लागलं नव्हतं. दोघं समोरासमोर आले तरी बोलायचे माझ्यामार्फत. "तुझ्या काकाला सांग." "तुझ्या बापाला सांग." मी टपालखात्यात नोकरीला असल्यासारखी दोघांच्या मध्ये उभी.

नातीच्या हिशेबाने हे फार सोपं आहे. पण माझ्या विधवा आत्याला नर्सिंग शिकायला पाठवलं ते बाबांनी. त्यापायी भाऊबंदांनी आमच्याकडचं पाणी वर्ज्य केलं, तरी ते हटले नाहीत. आणि काका समतेवर दोन तास बोलायचा, पण स्वतःचं उष्टं ताट उचलताना मी त्याला जन्मात पाहिलं नाही. काकू त्याची वाट बघत उपाशी बसायची. मला दोघांचाही संताप यायचा, आणि दोघांवाचून करमायचंही नाही.

त्या वर्षांत मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून सगळी चाळ पेटली होती. एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एका व्यासपीठावर बसायची. चौपाटीच्या सभेला बाबा एका टोकाला उभे असायचे, काका दुसऱ्या टोकाला, आणि घोषणा एकच. सभा संपली की दोघं वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी.

मग धरपकड सुरू झाली. काकाच्या नावाचं वॉरंट निघालं आणि तो लालबागेत कुणा कोकणी गिरणीकामगाराच्या खोलीत लपला. आधीच्या तुरुंगवासातून तो छाती खराब करून आला होता. खोकला लागला की रुमालावर रक्त दिसायचं. आई स्पष्ट म्हणायची, "ह्या वेळी आत गेले तर भावोजी परत येत नाहीत." जेवताना बाबांचा घास हातातच राहायचा.

अशात आजोबांची तिथी आली. शहर बंद, ट्रॅम बंद, दूर कुठेतरी बार झाल्यासारखे आवाज. आई पहाटेपासून सोवळ्यात. वडे, खीर, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत. श्राद्धाला दोन ब्राह्मण जेवायला बसवतात, एक देवांच्या जागी, एक पितरांच्या. पितरांच्या जागी बसलेला म्हणजे त्या दिवसापुरते आपले वडीलच. यजमानाने त्याचे पाय धुवायचे, गंध लावायचं, नमस्कार करायचा. देवांच्या पाटावर तळमजल्याचे म्हातारे उपाध्ये येऊन बसले. दुसरे गुरुजी खेतवाडीतून यायचे होते, ते काही पोचले नाहीत. बाबा म्हणाले, "दर्भ ठेवू त्या पाटावर. चालतं."

तेवढ्यात मागच्या, संडासाकडच्या जिन्याने काका वर आला. अनवाणी, धापा टाकत. उजव्या पायाचा अंगठा फुटून रक्त येत होतं. खाली शिट्ट्या वाजत होत्या. तो बाबांकडे न बघता मला म्हणाला, "तुझ्या बापाला सांग, पाच मिनिटं थांबतो आणि गच्चीवरून जातो."

बाबांनी माझी वाट पाहिली नाही. कित्येक वर्षांनी ते भावाशी सरळ बोलले. "गच्चीला कुलूप आहे. मोरीत जा, दोन तांबे घे अंगावर."

आईने पाणी ओतलं. बाबांनी स्वतःचा सोवळ्यात नेसायचा जास्तीचा मुकटा फेकला, देवघरातून नवं जानवं काढून दिलं आणि रिकाम्या पाटाकडे बोट दाखवलं. "बस."

उपाध्ये हादरले. "अहो, सख्खा भाऊ? सगोत्र माणूस पितृस्थानी? शास्त्र आहे की नाही काही?" मग काकाकडे वळून, "आणि काल रात्री काय खाल्लंत?"

"सुके बोंबील," काका म्हणाला.

उपाध्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्या भीतीतही हसू फुटत होतं.

बुटांचे आवाज गॅलरीत आले. फौजदार आणि दोन शिपाई. दारात मी उभी होते. मी म्हटलं, "आज श्राद्ध आहे. सोवळं आहे. आत येता येणार नाही." आवाज माझा वाटतच नव्हता. ज्या सोवळ्याने आमच्या लोकांनी कितीकांना पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर उभं केलं, ते त्या दिवशी मी पोलिसांच्या आडवं घातलं. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही.

फौजदार उंबऱ्याशी थांबला. तरुण होता, मराठीच. त्याला आत सगळं दिसत होतं. बाबा काकाच्या पायाशी वाकले होते. पाय धूत होते. ताम्हनातलं पाणी लालसर झालं, तसं बाबांनी ते आपल्या अंगाने झाकलं आणि फुटक्या अंगठ्यावर गंधाचा जाड लेप दिला. काकाचे डोळे मिटलेले. खोकला दाबायला त्याने ओठ गच्च धरले होते, आणि माझा जीव त्या ओठांवर टांगला होता.

"आपले धाकटे भाऊ इथं आलेत का?" फौजदाराने विचारलं.

बाबा कधी खोटं बोलत नसत. त्यातून समोर पितरांचं पान. ते वर न बघता म्हणाले, "आज माझ्या घरी माझे वडील जेवायला आलेत."

"पाटावर बसलेत ते कोण?"

"सांगितलं ना. माझे वडील. पानावर बसल्यावर ते बोलत नाहीत."

फौजदार काकाकडे बघत राहिला, आणि त्याची नजर कुठे खिळली ते मला दिसलं. काकाने जानवं उजव्या खांद्यावर घेतलं होतं! पितरांचं काम करताना यजमान ते तसं घेतो. पानावर बसलेल्याचं नेहमीसारखं डाव्याच खांद्यावर हवं. समोर बाबांचं पाहून ह्या शहाण्याने आपलंही तसंच घातलं होतं. असली चूक रोज जानवं घालणाऱ्याच्या हातून होत नाही.

फौजदाराने शिपायांना जिन्याकडे पाठवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "वडिलांना सांगा, जानवं डाव्या खांद्यावर घ्या. आणि मागच्या जिन्याशी आमचा माणूस आहे. दिवेलागणीला तो जेवायला जातो."

तो गेला. ज्या सरकारने वॉरंट काढलं त्याच सरकारचा माणूस. त्याला कुठल्या फडताळात ठेवायचं, हे नातीने मला सांगावं.

काका पान पुसून जेवला. शेवटी बाबांनी त्याच्यासमोर डोकं टेकवलं आणि आशीर्वादाच्या अक्षता टाकायची वेळ आली, तेव्हा निम्म्या अक्षता जमिनीवर पडल्या. अंधार पडल्यावर तो गेला. पुढे मुंबईसह महाराष्ट्र मिळेपर्यंत पोलिसांच्या हाती लागला नाही. उपाध्ये म्हणाले, श्राद्ध फुकट गेलं, प्रायश्चित्त घेऊन पुन्हा करा. बाबा म्हणाले, "वडील जेवले. पुन्हा करायचं कारण नाही."

म्हणून काही दोघांचं मनोमीलन झालं नाही. राज्य मिळालं, निवडणुका आल्या, आणि दोघं पुन्हा हमरीतुमरीवर. फक्त मध्ये मी लागत नव्हते. आता सरळ एकमेकांच्या तोंडावर भांडायचे.

बाबा गेले. आम्ही दोघी बहिणीच, मुलगा नाही. अग्नी काकाने दिला. वर्षश्राद्धालाही न बोलावता आला. "माझा विश्वास नाही, आधीच सांगतो," म्हणाला. आई म्हणाली, "ठाऊक आहे. पाणी काढलंय, अंघोळ करा."

यजमानाच्या पाटावर बसून त्याने जानवं हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. "कुठल्या खांद्यावर गं?"

"आता उजव्या," मी म्हटलं.

पितरांच्या जागी खेतवाडीचे तरुण गुरुजी होते. काका त्यांचे पाय धुवायला वाकला. त्यांच्या पायाला साधा ओरखडासुद्धा नव्हता. तरी त्याने गंध घेतलं आणि उजव्या अंगठ्यावर जाड लेप दिला, नख दिसेनासं होईपर्यंत.