मामा नामपूरला गेलेत

यूट्यूबवर घरगुती मालिका काढणाऱ्यांकडे किस्से कमी पडत नाहीत. एपिसोड लोक विसरतात, त्यामागच्या भानगडी मात्र चहाबरोबर वर्षानुवर्षं पुरतात. आमचं बिऱ्हाड नाशिक रोडच्या एका कॉलनीतलं. मी संवाद लिहितो, केतन दिग्दर्शन करतो आणि शूटिंग होतं शैलाकाकूंच्या घरात. मालिकेतल्या मामांचं काम त्यांचे यजमान करायचे, मामींचं बाहेरची एक नटी.

*

ते अचानक गेले तेव्हा मालिका ऐन रंगात होती. दुसरा मामा आणायला कुणाचा जीव होईना, आणि पडद्यावर त्यांना मारायचं धाडस माझ्यात नव्हतं. मी एक वाक्य लिहिलं, "मामा नामपूरला गेलेत, कांदा घेऊन." तेव्हापासून मामा तिकडेच आहेत. एवढा कांदा अख्ख्या बागलाण तालुक्यात पिकत नसेल!

*

प्रेक्षक आमच्यापेक्षा पक्के. मामा बिनसाखरेचा चहा पितात, हे पहिल्याच भागात ठरलेलं. मी विसरलो आणि मामी फोनवर त्यांना विचारतात, चहात साखर बरोबर असते ना? पुढच्याच आठवड्यात चांदवडला एका हॉटेलवाल्याने मला ओळखलं. "मामाला शुगर हाय, इसरले का? मारता का त्याला?"



*

काकूंच्या हॉलमध्ये यजमानांचा हार घातलेला फोटो आहे. कथेत मामा जिवंत, म्हणून शूटिंगआधी तो काढावा लागतो. काकू दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. स्वतः स्टुलावर चढून उतरवतात, पॅकअप झालं की परत लावतात.

एकदा त्या गावाला गेल्या होत्या आणि फोटो राहिला. एडिटिंगला बसलो तर मामी फोनवर मामांशी बोलतायत आणि मागे मामांना हार! अख्खा सीन परत केला.

*

मग मामांच्या भाच्यावर वेगळी मालिका काढायचं ठरलं. पहिल्याच सीनला भाचा मामांच्या हार घातलेल्या फोटोला नमस्कार करून रसवंती उघडायला निघतो, असं केतनने सुचवलं. मी भांडलो. नवीन मालिका असली म्हणून काय झालं, लोक आपल्या शब्दावर भरवसा ठेवून आहेत, म्हणालो.

"किती वर्षं कांदा विकणार तो माणूस? लोकांना कळत नाही का?" केतन म्हणाला.

त्याचंही खरं होतं. लोकांना कळतच होतं. तरी कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि मला त्याचंच फार बरं वाटायचं.

*

काकूंना सांगायला केतनच गेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चालेल म्हणाल्या.

शूटिंगच्या दिवशी कॅमेरा लागला आणि काकू नेहमीसारख्या स्टूल घेऊन आल्या. केतन लगबगीने पुढे झाला. आपण त्यांचा त्रास वाचवतोय, असंच त्याला मनापासून वाटत होतं.

"राहू द्या काकू. आता फोटो काढायची गरज नाही."

काकू स्टुलावर चढल्याच. फोटो उतरवला, पदराने काच पुसली आणि आतल्या खोलीकडे निघाल्या.

"तुमच्या सीनला दुसरा कुठला तरी लावा," त्या म्हणाल्या. "शूटिंगच्या दिवशी हे नामपूरला असतात."