समुद्र पाहण्यास परवानगी मिळणेबाबत

माझ्या आईने वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता आणि यात समुद्राची काहीही चूक नव्हती.

आई-बाबा भंडाऱ्याचे. तिकडे तळी आहेत, नदी आहे, उन्हाळा तर विचारूच नका; समुद्र तेवढा नाही. बाबा सरकारी कचेरीत हेड क्लार्क होते. दर वर्षी ते आईला सांगायचे, "पुढच्या वर्षी रजा मिळाली की समुद्र." रजा मिळाली ती एकदम निवृत्तीनंतर. मग दोघं धायरीला माझ्याकडे राहायला आले. पुण्यात तेव्हा कॉम्प्युटरच्या कंपन्या नव्याने उगवत होत्या आणि त्यातल्या एकीने मला नुकतंच टीम लीड केलं होतं. ताजी टीम लीड आणि ताजा निवृत्त हेड क्लार्क एका घरात असले, की मेथीची जुडी आणायची तरी आधी बैठक होते.

एकदा टीव्हीवर लाटा दिसत होत्या. आई शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मले एकदा त्याच्यात पाय बुडवाचे आहेत. घोट्यापर्यंत. बस."

आईने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ही बहुधा दुसरी गोष्ट. (पहिली मिक्सर. तो अकरा वर्षांनी मिळाला होता.) मला एकदम भरून आलं आणि मी उभं राहून जाहीर केलं, "आई, महिन्याभरात तुझे पाय पाण्यात असतील!"

"आणि तुझे जमिनीवर असतील का?" प्रशांतने पेपरातून मान वर न काढता विचारलं. प्रशांत माझा नवरा. नारायण पेठेत वाढलेला. त्यामुळे प्रोत्साहन द्यायची त्याची पद्धत वेगळी आहे.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने कोकणातलं एक निसर्ग उद्यान सुचवलं. जंगल, पक्षी आणि सुरूच्या बनामागे स्वच्छ किनारा. गर्दी अजिबात नाही, कारण आधी लेखी परवानगी लागते.

"परवानगी लागते?" बाबांनी विचारलं. पानात पुरणपोळी पडल्यावर दुसऱ्यांचा चेहरा खुलतो, तसा बाबांचा खुलला.

त्याच दुपारी त्यांनी अर्ज लिहिला. 'विषय: समुद्र पाहण्यास परवानगी मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की, अर्जदाराच्या पत्नीने आजतागायत समुद्र पाहिलेला नाही. सदर बाब अर्जदाराच्या सेवाकाळातील रजेअभावी प्रलंबित राहिली आहे.' सोबत आईच्या रेशनकार्डाची प्रत जोडली. का, ते विचारायची सोय नव्हती.

"अहो, समुद्र पाहाले रेशनकार्ड कायले?" आईने तरीही विचारलंच.

"असू दे. नंतर मागतात," बाबा म्हणाले.

पंधरा दिवसांत उत्तर आलं! बाबांनी ते फायलीला लावलं, फायलीला लाल फीत बांधली आणि माझ्या हातात झेरॉक्स ठेवली. मूळ प्रत फायलीबाहेर जात नाही, हा त्यांचा तेहतीस वर्षांचा नियम. झेरॉक्सवर लिहिलं होतं: सत्रं दोन, सकाळी अकरा ते एक आणि दुपारी तीन ते पाच. एक निवडून कळवावं.

तारीख बाबांनीच ठरवली. "माघ पौर्णिमा रविवारी येते. पहाटे वंदना करू आणि निघू." आमच्याकडे पौर्णिमा म्हणजे पांढरे कपडे, बुद्धवंदना आणि खीर. त्याहून चांगला दिवस कुठला असणार? सत्र मी निवडलं. अकरा ते एक. घाटातून उजेडी परत येता येतं. इतका साधा विचार मी त्या अख्ख्या महिन्यात पुन्हा केला नाही.

कारण नंतर मी ऑफिसात बसून सहलीचा तक्ता तयार केला. साडेपाच वंदना. सहा प्रस्थान. आठ दहा ते आठ पंचवीस चहा. आठ पंचवीस ते आठ तीस, चहा सांडल्यास राखीव वेळ. पुढे संभाव्य धोक्यांची यादी: पंक्चर, उलटी, दरड, रानडुक्कर, प्रशांतचा मूड... एकूण तेवीस धोके, प्रत्येकापुढे उपाय! दर बुधवारी सोफ्यावर आढावा बैठक. प्रशांत फक्त चिवड्यासाठी हजर असायचा.

"पाय केव्हा बुडवाचे?" आईने एका बैठकीत विचारलं.

"अकरा वीसला."

"आन काढाचे केव्हा?"

"बारा दहाला."

"अजून थोडा वेळ दे ना वं."

"बघते. राखीव वेळेतून काही काढता आला तर."

"समुद्राला कळवलंयस ना?" प्रशांतने चिवडा संपवत विचारलं. मी दुर्लक्ष केलं. दूरदृष्टीच्या माणसाला असे टोमणे ऐकावेच लागतात.

रविवार उजाडला. वंदना झाली, खिरीचा डबा गाडीत आला. पंक्चर नाही, उलटी नाही, रानडुक्कर नाही. दहा चोपन्नला आम्ही उद्यानाच्या फाटकात! सहा मिनिटं आधी! आई नव्या रबरी चपला घालून, पांढऱ्या साडीत, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या मुलीसारखी उभी होती. मी झेरॉक्स पुढे केली.

वनरक्षकाने ती वाचली आणि आमच्याकडे कणवेने पाहिलं. "ताई, आत जावा, झाडं बघा, पक्षी बघा. किनारा मात्र आता नाय."

"नाही म्हणजे? बंद आहे?"

"बंद कसा असंल? पाण्याखाली हाय. पुनवेची भरती ती! बारा-साडेबाराला पाणी पार सुरूच्या बुंध्याला लागतं. त्या वेळात खाली उतरू देत नाय आम्ही."

भरती! हा शब्द मी शाळेत भूगोलात पाठ केला होता, पाच मार्कांसाठी. पण आम्हा घाटावरच्यांच्या मनात समुद्र म्हणजे खडकवासल्याचा थोरला भाऊ. कधीही जा, पाणी जागेवर! माझ्या तेवीस धोक्यांत रानडुक्कर होतं, समुद्र नव्हता.

"पण आमच्याकडे अकरा ते एकची परवानगी आहे," मी झेरॉक्स फडफडवत म्हणाले.

"हाय की. पण मागं लिवलेलं वाचलं नाय काय?"

"मागे?"

बाबांनी फाईल काढली. लाल फीत सोडली. (गाठ पक्की होती. दोन मिनिटं गेली.) मूळ पत्र उलटलं. पाठीमागे ठळक अक्षरांत छापलं होतं: 'भरती-ओहोटी पाहूनच सत्र निवडावे. पौर्णिमा व अमावास्येस दुपारचे सत्र सोयीचे.'

"बाबा! तुम्ही झेरॉक्स एकाच बाजूची काढलीत?"

"तू दुसरी बाजू मागितली नाहीस," बाबा शांतपणे म्हणाले.

दुपारचं सत्र शाळांच्या सहलींनी भरलेलं होतं. पण मी हार मानणारी नव्हते! आईला शब्द दिला होता. मी साहेबांचं नाव विचारलं, साहेबांच्या साहेबांचं विचारलं. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरला. बाबा सांगू लागले, मी लिहू लागले: 'विषय: सत्र बदलून मिळणेबाबत.' 'उक्त' लिहायचं की 'उपरोक्त', यावरून आमचं भांडणही झालं. वनरक्षक बिचारा स्टुलावर बसून पाहत होता. असा तासभर गेला.

"आई कुठे आहेत?" प्रशांतने विचारलं.

आई नव्हती. गाडीत नव्हती, फाटकाशी नव्हती, झाडाखाली नव्हती. फाटकात आल्यापासून आपण आईशी एक शब्दही बोललेलो नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी आल्या रस्त्याने धावत सुटले.

दोनशे पावलांवर खाडीचा एक छोटा पूल होता. त्याच्या कडेने होड्यांसाठी दगडी पायऱ्या खाली गेलेल्या. तिसऱ्या पायरीवर आई बसली होती, साडी जरा वर खोचून. शेजारी एक कोळीण मावशी. दोघींच्या हातात आमची खीर. आणि आईचे पाय पाण्यात. घोट्यापर्यंत.

"पाह्य वं, पाह्य!" आई ओरडली. "हे पाणी उलटं वाहून राहिलं! समुद्रातून इकडं येऊन राहिलं! मी चाखून पाहिलं, खारट आहे!"

"दुपारच्याला आली असतीस ना गो, तर नुसता चिखल होता हितं," मावशी मला म्हणाली. "तुझी आय बरोबर येळेला आली."

मी आईच्या शेजारी मटकन बसले. रडू आलं, पण खारं पाणी आधीच पुष्कळ होतं म्हणून आवरलं. प्रशांत येऊन घड्याळ बघत म्हणाला, "बारा दहा झाले."

आई दचकली. "काढू काय पाय?"

"नको गं," मी म्हणाले. "बस तू. हवा तेवढा वेळ बस."

"तांत्रिकदृष्ट्या ही खाडी आहे," प्रशांत पुटपुटला आणि चपला काढून पाण्यात उतरला. शेवटी बाबाही उतरले. पांढरी विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, एका हातात आईचा हात, दुसऱ्या हातात उंच धरलेली फाईल. एक वाजेपर्यंत कुणीच उठलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी फायलीत शेवटची टिपणी लिहिली: 'समुद्र स्वतः अर्जदाराच्या पत्नीस भेटण्यास आला. सबब परवानगीचा प्रश्न उरला नाही. सदर कामी कन्येने अथक परिश्रम घेतले. सदर परिश्रमांचा अडथळा झाला नाही. फाईल बंद.' आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "सही कर."

मी सही केली. त्याआधी पान उलटून मागची बाजू मात्र पाहून घेतली.