सरांचं ‘होय म्हाराजा’

आमच्याकडे कच्चे आंबे मिठाच्या पाण्यात घालून बरणीचं तोंड फडक्याने बांधून ठेवतात. आई मला म्हणते, तू राग तसाच ठेवतेस. खरं आहे. वर्षभर टिकतो आणि पेजेबरोबर बरा लागतो.

हा राग ज्यांच्यावर होता त्यांना मी इथेही ‘सर’च म्हणणार आहे. त्यांच्या हाताखाली काम करताना तेच म्हणत होते, आणि सवयी मोडायला मला आवडत नाही.

मी विषाणूंची डॉक्टर. मसुऱ्यात वाढले, डॉक्टर झाले आणि दवाखाना टाकायचा सोडून घाटावरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेले. ‘पेशंट नाय तर मगे डॉक्टर कसली गो?’ असं मावशी विचारायची. पेशंट माझ्याकडे बोटाएवढ्या नळीत यायचे. दोन हातमोजे, मुखपट्टी आणि घामाने भिजलेला अंगरखा घालून मी त्यांना भेटायची. विषाणू माणसासारखाच असतो, विचारल्याशिवाय बोलत नाही. ज्याची चाचणी लावाल त्याच्यापुरतंच हो किंवा नाही सांगतो. त्यामुळे आमच्या धंद्यात उत्तरापेक्षा प्रश्न महत्त्वाचा. सर हे वाक्य प्रत्येक भाषणात म्हणायचे. टाळ्याही मिळायच्या.

मग एका वर्षी काजूच्या हंगामात आमच्याच जिल्ह्यात, डोंगराकडच्या एका गावात ताप सुरू झाला. बागेत जाणारी माणसं तापाने फणफणायची, अंग मोडून यायचं, काहींच्या हिरड्यांतून रक्त यायचं. डेंग्यू नाही, लेप्टो नाही. मला माकडतापाचा संशय आला. रानात माकडं मरतात, त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या पाचोळ्यात उतरतात आणि काजू वेचणाऱ्या बाईच्या पायाला चिकटतात. सरांना तसं सांगितलं. त्यांनी घरोघर विचारायला एक पथक पाठवलं. पथकाने शुद्ध मराठीत विचारलं, “गावात माकडं मेली आहेत का?” गावाने शुद्ध मराठीत उत्तर दिलं, “नाही.” सरांनी चाचणी नामंजूर केली.

मी रजा टाकली, वैभववाडीला उतरले आणि त्या गावात गेले. तिथला गावकर, म्हणजे देवळातला पहिला मान असलेला म्हातारा, ओटीवर बसला होता. आत त्याची बायको तापात पडली होती.

“आजोबा, माकडा नाय मेली तुमच्या रानात?”

“नाय गो बाय. एक पण नाय.”

“आणि वांदर?”

“वांदर?” म्हाताऱ्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की माझी पदवी क्षणभर तिथल्या तिथे रद्द झाली. “वांदर खूप मेले. त्या पाण्याकडे वास मारता.”

“मगे पथकाक कित्या नाय सांगितलास?”

“तेनी वांदर खंय इचारल्यानी? माकडा इचारल्यानी. माकड लाल तोंडाचा. वांदर काळ्या तोंडाचो. येवढा ठावक नाय, तर ते डॉक्टर कसले?”

आमच्याकडे प्रश्नाला उत्तर मिळतं, प्रश्नाच्या शेजाऱ्याला मिळत नाही. मी म्हातारीचं आणि इतर आजाऱ्यांचं रक्त घेतलं, बर्फात बांधलं आणि मांडीवर घेऊन परत गेले. सरांनी चाचणी अजून मंजूर केलेली नव्हती. ती मी त्यांच्या गैरहजेरीत लावली. नमुने बोलले. माकडतापच होता.

पुढचं कोणीही ओळखेल. शोधनिबंध छापून आला तेव्हा सरांचं नाव पहिलं होतं. माझं नाव शेवटी आभारात, गाडीचा चालक आणि बर्फाची व्यवस्था करणारे गृहस्थ यांच्या मधोमध. मी विचारलं तेव्हा सर हसले. “अहो, विज्ञान हे सांघिक कार्य असतं. शिवाय तो जिल्हा तुमचाच. घरच्या माणसाचे कोणी आभार मानतं का? मी मानले.” मी मान डोलावली, घरी आले आणि बरणीचं तोंड बांधलं.

सर निवृत्त झाले. मी जिल्ह्यात परत आले. इथली छोटी प्रयोगशाळा आता मी बघते. मग सरांचा फोन आला. निवृत्त माणसांना सत्काराची तलफ येते, तशी त्यांना आली होती. ज्या गावात आपण माकडताप शोधला तिथे एकदा जावं, ग्रामस्थांची इच्छा असल्यास साधासा कार्यक्रम व्हावा, मंदिरात वगैरे. ग्रामस्थांची इच्छा आहे का हे बघायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. मी बघितली.

गावकराच्या ओटीवर जाऊन बसले. म्हातारी आता चालतीफिरती होती, तिनेच कोकम सरबत दिलं. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, “सत्कार करा. शाल द्या, नारळ द्या. पण मगे गाऱ्हाणा घाला. त्येतले दोन शब्द माझे.”

गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवाकडे मोठ्याने केलेली मागणी. गावकर एकेक मागणं म्हणतो आणि जमलेले सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणून त्यावर आपला शिक्का मारतात. माझे शब्द ऐकून म्हाताऱ्याने विचारलं,

“नाव घेव काय तेचा?”

“नाव नको. नाव घेतलास तर तो उठान जायत.”

“मगे देवाक कळतला कसा?”

“देवाक कळता. गावाक तुमी सांगा.”

आतून म्हातारी म्हणाली, “गावाक मी सांगतंय.”

सत्काराच्या दिवशी देवळापुढच्या मांडवात घामाच्या धारा लागल्या होत्या आणि सर लोकरी शालीत बसले होते. भाषणात त्यांनी ‘माकड’ हा शब्द इतक्यांदा वापरला, की मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, “वांदर, सायब.” सरांना ते कौतुक वाटलं. मग गावकर उठला. सर माझ्या कानाशी आले. “ही प्रथा फार लोभस आहे. आपणही म्हणायचं असतं ना?”

“म्हणायलाच हवं, सर. पाहुण्याने मोठ्याने म्हटलं की गावाला मान वाटतो.”

त्यांनी माईक जवळ ओढला आणि बरोबर आणलेल्या भाच्याला चित्रीकरण करायला सांगितलं.

“बा देवा म्हाराजा,” गावकराने नारळ हातात धरून सुरुवात केली, “आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे जमली आसत, तेंचा रक्षण कर रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!”

“आमच्या रानात वांदर मेले, माणसा तापान पडली. ज्या चेडवान तो ताप वळाखल्यान, तेच्या हाताक यश दी रे म्हाराजा.”

“होय म्हाराजा!” सरांचा आवाज सगळ्यांत वर होता. चेडू म्हणजे मुलगी, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“आणि दुसऱ्याच्या कष्टाचा ज्येनी आपल्या नावार केल्यान असात, दुसऱ्याच्या पानातला उचलून आपल्या तोंडात घातल्यान असात, तेका तेच्याच तोंडान, चार माणसात कबूल करूक लाव रे म्हाराजा.”

यावेळी गाव गप्प राहिलं. सगळा मांडव सरांकडे बघत होता. आपल्याला मान दिला जातोय असं समजून सरांनी डोळे मिटले, हात जोडले आणि एकट्याने, माईकवर, म्हटलं, “होय म्हाराजा.”

मग गाव हसलं. मी देव मानत नाही. पण इतक्या तातडीने निकाल देणारी यंत्रणा माझ्या प्रयोगशाळेतही नाही.

परतताना गाडीत सरांनी विचारलं, “शेवटी लोक हसले का? ते काय म्हणाले?” मी शुद्ध मराठीत भाषांतर केलं, शब्दाला शब्द, अहवाल वाचून दाखवावा तसं. सरांनी अंगावरची शाल काढून तिची घडी घातली.

“म्हातारा खोडकर दिसतो,” ते म्हणाले.

“शब्द माझे होते, सर.”

मग त्यांना भाच्याची आठवण झाली. “तो व्हिडिओ कुठे पाठवलास?” पुढच्या सीटवरून भाचा म्हणाला, “तुम्हीच सांगितलं होतंत. तुमच्या जुन्या प्रयोगशाळेच्या ग्रुपवर.” त्या ग्रुपवर आमच्या जिल्ह्यातली माणसं होती. भाषांतराची अडचण पडणार नव्हती.

निबंधावर अजूनही सरांचंच नाव आहे, आणि मी चालक आणि बर्फ यांच्या मधेच आहे. मला पश्चात्ताप झाला का, असं आई विचारते. नाही. बरणी रिकामी झाली, एवढंच वाईट वाटतं.

यंदा काजू सुरू झाले तसा गावकराचा फोन आला.

“बाय, वांदर मेलो हा पाण्याकडे. कोणाक हात लावूक दिलंय नाय. तू येतंस, की त्या होयम्हाराजाक पाठवतंस?”

“मी येतंय,” म्हटलं, आणि बर्फाची पेटी काढली.