आमचे साडभाऊ आणि चिराइताचा उतार

साऱ्या वऱ्हाडात कापसाकडे पाठ करून उभा राहिलेला एकच माणूस मी पाहिला, आणि नेमका तोच माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी त्यांना साडभाऊ म्हणे. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस यायचा थांबून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि इकडे अमरावती-अकोल्याकडच्या माणसांना दुसरं काही सुचेनासं झालं. लोकांनी विहिरीच्या काठावर सरकी टोचली, गोठ्यामागे टोचली, एकाने तर तुळशीवृंदावनाभोवती टोचली. न्हाव्यापुढे बसावं तर कापूस, मयताला जावं तर कापूस. अशा दिवसांत परतवाड्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी उत्तम काळी जमीन बाळगून असलेला हा गृहस्थ सकाळी भाकरी बांधून घेऊन डोंगर चढे, आणि कशाला, तर चिराईत बघायला. तोडायलासुद्धा नव्हे, बघायला. शेतातल्या कापसाचं काय ते माझी मेहुणी गड्यांकडून करून घेई.

ज्यांना हिवतापाने कधी धरलं नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो, चिराईत म्हणजे डोंगरउतारावरच्या गवतात उगवणारं एक वीतदीड वीत उंचीचं झाड. त्याचा काढा तापावर देतात, आणि तो इतका कडू असतो की पिणाऱ्याला ताप बरा वाटू लागतो. साडभाऊंचं मात्र त्या कडूपणावरच प्रेम. आपण सोयरीक जुळवताना घराणं पाहतो तसं ते झाडांचं घराणं पाहत, आणि तेही जिभेने. डोंगरातल्या ओढ्याकाठी गुलाबी फुलांचं एक किडमिडीत रोप येई. त्याचं पान चावून ते म्हणाले, हे चिराइताचं चुलत भावंड. आमच्या खालच्या मुलखात बांधावर कडूनाई उगवते, ती मावसबहीण. सपाटीला दिली म्हणून जरा खालच्या चालीची झाली. पान चावून झालं की उरलेलं अर्धं ते शेजारच्या माणसाच्या हातावर ठेवत आणि त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहत. त्यांच्याबरोबर डोंगरात गेलेला माणूस दोन दिवस जेवणाला नावं ठेवत नसे, कारण त्याला चवच लागत नसे.

त्यांच्या थोरल्या मुलीला बघायला भातकुलीकडची मंडळी आली, तेव्हा गुळपाण्याच्या आधी काढ्याच्या वाट्या आल्या. मुलाच्या बापाने एक घोट घेतला आणि पागोटं सावरत उठायची तयारी केली. मुलगा मात्र डोळे मिटून सगळी वाटी प्याला. साडभाऊंनी तिथेच सुपारी फोडली. पुढे त्या जावयाने मला एकांतात सांगितलं की त्याला वाटलं, नाही म्हटलं तर दुसरी वाटी देतील.

एका वर्षी त्यांनी माझ्याकडे गाडी मागितली. माझा धंदा गाड्यांचा. अमरावतीहून कापसाचे बोजे भरून माझ्या गाड्या दूरवर जात, आणि हंगामात गाडी मागणं म्हणजे जेवत्या माणसाचं ताट मागणं. पण म्हटलं, अखेर यांच्याही डोक्यात कापूस शिरला, म्हणून आनंदाने दिली. गाडी परत आली ती गाडीवानाच्या तक्रारी घेऊन. साडभाऊंनी तिच्यातून डोंगरावरची मुरमाड माती खाली आणली होती. काळ्या मातीत चिराईत पेरलं ते पाणी साचून सडलं, म्हणून आता डोंगरच शेतात आणायचा त्यांचा बेत होता. रस्त्याने सगळ्या गाड्या पांढऱ्याशुभ्र, आणि मधे ही एक दगडमातीने भरलेली. गाडीवान म्हणाला, मालक, लोकं मले विचारत होते, कोनाचं घर पडलं म्हून. त्या मातीत रोपं आली, चांगली तरारली. साडभाऊंनी पान चावलं आणि त्यांचं तोंड उतरलं. म्हणाले, गवतासारखं लागते. त्यानंतर त्यांनी चिराइताला खाली बोलावणं सोडलं आणि स्वतःच वर जाऊ लागले.

इथवरचं सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. पुढची गोष्ट सांगताना मात्र मला माझीच लाज वाटते.

सगळ्यांनी कापूस लावला म्हणजे ज्वारी कोणी लावली नाही, आणि ज्वारी नाही म्हणजे कडबा नाही. माझे बैल खाणार काय? म्हणून मी डोंगराचा एक उतार गवतासाठी घेतला. तो नेमका साडभाऊंच्या चिराइताचा उतार निघाला. चिराईत एका वर्षाचं झाड. आश्विनात फुलतं, मग बी धरतं, बी पडलं की मरतं. माझी माणसं विळे घेऊन चढली ती फूल लागलेलं असतानाच, आणि दोन दिवसांत त्यांनी खालचा अर्धा उतार साफ केला. तिसऱ्या दिवशी सगळेच तापाने आडवे झाले.

साडभाऊंना काही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प बसले असते तर महिनाभर विळा उचलायला कोणी उठलं नसतं आणि वरच्या उताराचं बी पडून गेलं असतं. पण त्यांनी त्या कापणाऱ्यांना घरी आणून ओसरीवर निजवलं, घरातलं होतं नव्हतं ते चिराईत उकळून सकाळ-संध्याकाळ पाजलं, आणि ते उठून बसायला लागल्याचं पाहून तसेच पायी अमरावतीला निघाले. आपणच बरी केलेली माणसं उद्या उतार कापायला चढणार, त्याच्या आत त्यांना माझी गाठ घ्यायची होती. दारात आले तेव्हा पायांची दशा बघवत नव्हती.

मी त्यांना बसवलं, जेवू घातलं आणि सरळ नाही म्हणालो. बोजे भरून तयार होते, बैल उपाशी ठेवून चालणार नव्हतं. वर आणखी म्हणालो की माझे बैल काय फुलं हुंगून गाडी ओढतील. साडभाऊंनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले,

"बापू, थे झाड एका सालचं असते. बी पडाच्या आंधी कापलं तं पुढच्या साली कोठून येईन? तू अर्धं ठेव. येत्या साली मी सारी ज्वारी पेरतो. कडबा तुह्या बैलाईले."

मी हो म्हणालो. खरं सांगतो, ते कडब्यासाठी नव्हे. असा वेडेपणा कोणी करणार नाही आणि वरून मला मात्र उदार होता येईल, म्हणून. त्या वर्षीचं गवत दुसरीकडून आणलं आणि गोष्ट विसरलो.

साडभाऊंनी ज्वारी पेरली. बांधापासून बांधापर्यंत. मूर्तिजापूरकडची पाहुणेमंडळी वाट वाकडी करून ते शेत बघून जात. माझ्या मेहुणीने बहिणीजवळ येऊन डोळ्यांना पदर लावला, आणि माझ्या बायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. मी परतवाड्याला धावलो, त्यांच्यापुढे हात जोडले, म्हटलं, उतार तुमचाच, मोडा ही ज्वारी, अजून सरकी टोचता येईल. ते म्हणाले, "तुह्या बैलाईनं काय पाप केलं?" पुढे लढाई संपली, कापसाचा भाव पडला, तेव्हा त्यांच्या घरात धान्य होतं. लोक आता ते त्यांचं शहाणपण म्हणून सांगतात. तसं काही नाही. त्यांना शहाणपण सुचलं नव्हतं, फक्त चिराईत सुचलं होतं.

ज्वारी पेरली त्याच वर्षी आश्विनात ते मला उतारावर घेऊन गेले. वर वारा गार होता, धुकं नुकतंच उठलं होतं. खालचा कापलेला अर्धा भाग नुसता गवताचा. वरच्या भागात मात्र गवतातून पांढरी फुलं वर आली होती, चार पाकळ्यांची, आत निळसर ठिपके. मी आयुष्यात इतकं बारीक फूल इतका वेळ पाहिलं नव्हतं. साडभाऊ दगडावर बसले होते, त्यांना धाप लागली होती आणि चेहरा तृप्त होता. मला पान चावायला लावायचंही ते विसरले.

"हे बी वाऱ्यानं खाली जाईन," ते म्हणाले. "दोनतीन सालात भरते सारं. मी नसलो तं तू पाहजो."

भरलं. ते पाहून मगच गेले. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मला त्यांची फार आठवण येते, आणि ती नेमकी सुगीच्या गडबडीत येते. उताराचं गवत अजून माझ्याकडेच आहे. गडी दरसाल विचारतात की मालक, चिराईत कोठं हाय थे दाखवा, तेवढं सोडून बाकीचं कापतो. पण फूल येण्याआधी गवतात चिराईत कोणतं, हे मला अजून ओळखता येत नाही. म्हणून बी पडेपर्यंत मी सगळा उतारच सोडून देतो.